डॉज डुरँगो २०११ ते २०१३ : भक्कम गाडी, कच्ची वीजपेटी

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबाला सात जणांच्या गाडीची गरज बहुधा आईवडील भारतातून मुक्कामाला येणार असे ठरले की भासू लागते. नवी तीन रांगांची एसयूव्ही आवाक्याबाहेरची वाटली की जुन्या गाड्यांचा शोध सुरू होतो आणि त्या शोधात २०११ ते २०१३ या मॉडेल वर्षांची डॉज डुरँगो हटकून समोर येते. गाडी मोठी आहे, रुबाबदार आहे आणि तिच्या आकाराच्या जपानी गाड्यांच्या मानाने स्वस्त मिळते. ती स्वस्त मिळण्याचे एक मोठे कारण बॉनेटखालच्या एका काळ्या पेटीत दडलेले आहे. त्या पेटीविषयी नीट माहिती न घेता ही गाडी विकत घेऊ नये, आणि माहिती घेतल्यावर ती सरसकट नाकारूही नये, असे माझे मत झाले आहे. हे परीक्षण गाडीच्या विजेच्या यंत्रणेपुरते आहे. बाकीच्या गोष्टींचा उल्लेख गरजेपुरताच केला आहे.

तरी गाडीला न्याय द्यायचा तर तिचे गुण आधी सांगावे लागतात. डुरँगोची ही तिसरी पिढी २०१० च्या अखेरीस, २०११ चे मॉडेल म्हणून बाजारात आली. डेट्रॉइटमधल्या जेफरसन नॉर्थ कारखान्यात ती आणि जीप ग्रँड चेरोकी या दोन्ही गाड्या तयार होत असत. डॉज आणि जीप बनवणारी क्रायस्लर आणि मर्सिडीज बनवणारी डाइमलर या कंपन्या एकत्र असतानाच्या काळात आखलेला त्यांचा सांगाडा मर्सिडीजच्या मोठ्या एसयूव्हीशी नाते सांगणारा आहे, आणि महामार्गावर तो फरक जाणवतो. २९० अश्वशक्तीचे ३.६ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन किंवा ३६० अश्वशक्तीचे ५.७ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, अशी निवड होती. तिसऱ्या रांगेत मोठी माणसे खरोखर बसू शकतात, आणि ट्रेलर ओढण्याची ताकद या वर्गात उत्तम आहे. मूळ गाडी अशी चांगली असल्यामुळेच पुढे सांगितलेला दोष अधिक खटकतो.

बॉनेटखालच्या त्या पेटीचे पूर्ण नाव टोटली इंटिग्रेटेड पॉवर मॉड्यूल. मालक आणि मेकॅनिक तिला टिपम म्हणतात. पूर्वीच्या गाड्यांत फ्यूजची पेटी म्हणजे नुसती फ्यूज आणि रिले बसवायची जागा असे. एखादा रिले गेला तर तो हाताने उपटून नवा बसवता येई. टिपममध्ये फ्यूज आहेत, रिले आहेत आणि शिवाय एक छोटा संगणकही आहे. बॅटरीकडून येणारी वीज कोणाला, केव्हा आणि किती वेळ द्यायची हे तो ठरवतो. हेडलाइट, वायपर, हॉर्न आणि इंधन इंजिनापर्यंत पोचवणारा फ्युएल पंप, या सगळ्यांची वीज त्या एका पेटीतून जाते. तारांची लांबी आणि जोडण्या कमी होतात, कारखान्यातले काम सोपे होते, वजन घटते. म्हणजे रचनेमागचा विचार चुकीचा नव्हता. चूक पुढच्या एका निर्णयात झाली. फ्युएल पंपाचा रिले या पेटीच्या आतल्या सर्किट बोर्डावर डाख देऊन पक्का केला होता, आणि तो एकटा काढून बदलण्याची सोयच ठेवली नव्हती.

रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. लहान प्रवाह त्यातल्या गुंडाळीतून गेला की चुंबक तयार होतो, तो धातूची पट्टी ओढतो, दोन टोके एकमेकांना चिकटतात आणि मोठा प्रवाह वाहू लागतो. हा मोठा प्रवाह पंपाच्या मोटरकडे जाणारा असल्यामुळे टोके जुळताना आणि सुटताना बारीक ठिणगी पडते, आणि प्रत्येक ठिणगीगणिक टोकांचा पृष्ठभाग थोडा झिजतो. त्यात इंजिनाच्या शेजारची उष्णता आहे आणि स्वतः रिलेमधून वाहणाऱ्या प्रवाहाची उष्णताही आहे. या उष्णतेमुळे टोके बिघडतात, हेच कारण कंपनीने पुढे रिकॉल करताना, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी गाड्या परत बोलावताना, नोंदवले. म्हणजे झिजणारा भाग गरम जागी बसवला आणि वर तो बदलता येणार नाही अशी व्यवस्था केली. घरातला एक स्विच गेला म्हणून अख्खा मीटरबोर्ड बदलायला लावावा, तसा हा प्रकार आहे.

मालकांच्या तक्रारी वाचताना एक गोष्ट लक्षात येते की रिले दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी जातो, आणि त्यामुळे निदान करणारा गोंधळतो. पहिल्या तऱ्हेत टोके जुळतच नाहीत. चावी फिरवली किंवा बटण दाबले की स्टार्टर जोमाने फिरतो, दिवे लख्ख लागतात, पण इंजिन पेट घेत नाही, कारण पंपाला वीज न मिळाल्याने इंधनच येत नाही. दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा तर गाडी निमूटपणे सुरू होते. मेकॅनिककडे न्यावी तर तिथे ती शहाण्यासारखी वागते, संगणक लावून पाहिला तर बिघाडाचा कोणताही कोड सापडत नाही आणि गाडी तशीच परत येते. टोके चालत्या गाडीत सुटली तर इंजिन कोणतीही सूचना न देता बंद पडते. ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या रहदारीत दोन टनांहून जड गाडीचे इंजिन अचानक थांबणे म्हणजे काय, हे फ्रीवेवर रोज गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. स्टिअरिंग जड होते, ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच दाबांपुरती उरते, आणि मागून येणाऱ्याला आपण का मंदावलो हे कळत नाही. सगळ्यांत गंभीर तक्रारी याच आहेत.

दुसऱ्या तऱ्हेत टोके एकमेकांना चिकटून बसतात. मग गाडी बंद करून, कुलूप लावून मालक घरात गेला तरी फ्युएल पंप आत चालूच राहतो आणि सकाळी बॅटरी पूर्ण उतरलेली असते. असा मालक साहजिकच बॅटरीला दोष देतो आणि नवी बॅटरी बसवतो, तीही उतरते. डुरँगोची बॅटरी बॉनेटखाली नसून पुढच्या प्रवाशाच्या सीटखाली आहे, त्यामुळे ती बदलणे हेही खटाटोपाचे काम आहे. (दुसऱ्या गाडीवरून जंप देण्यासाठी बॉनेटखाली वेगळी टोके दिलेली आहेत, ती कुठे आहेत हे गाडी घेतल्या दिवशीच पाहून ठेवावे.) रात्री शांत ठिकाणी, गाडी बंद केल्यावर बऱ्याच वेळाने मागच्या बाजूने बारीक घूं असा आवाज येत राहिला, तर बॅटरीवर पैसे घालवण्याआधी पंपाच्या रिलेचा संशय घ्यावा.

खर्चाचा भाग तर अधिकच चीड आणणारा होता. बाजारात थोडक्या डॉलरांत मिळणाऱ्या प्रकारचा हा भाग, पण तो पेटीत डाखलेला असल्याने पूर्ण टिपम बदलावे लागे आणि मजुरी धरून ते बिल हजार डॉलरच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जाई. नवी पेटी त्या विशिष्ट गाडीसाठी प्रोग्राम करून घ्यावी लागे, ते वेगळेच. २०१४ मध्ये या पेट्यांची मागणी इतकी वाढली की कित्येक मालकांना नुसत्या सुट्या भागासाठी अनेक आठवडे थांबावे लागले. काहींनी स्वतःच तोडगा काढला: पेटीबाहेर एक साधा रिले बसवायचा, पंपाची तार त्यावर वळवायची आणि आतला निकामी रिले बाजूला ठेवायचा. अशा तयार केबल बाजारात विकल्याही जाऊ लागल्या. मालकांच्या या घरगुती उपायाची दखल येथे मुद्दाम घेतो, कारण शेवटी कंपनीनेही अधिकृत दुरुस्ती म्हणून जवळजवळ हेच केले.

सप्टेंबर २०१४ मध्ये क्रायस्लरने २०११ च्या डुरँगो आणि ग्रँड चेरोकी परत बोलावल्या. अमेरिकेत त्यांची संख्या १,८८,७२३ होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये दुसरा रिकॉल निघाला आणि त्यात २०१२ व २०१३ ची मॉडेल आली. अमेरिकेतल्या ३,३८,२१६ गाड्या आणि जगभरातल्या मिळून ४,६७,४८० गाड्या. दोन्ही वेळा उपाय एकच होता: फ्युएल पंपासाठी टिपमच्या बाहेर स्वतंत्र रिले बसवून देणे, तोही विनामूल्य. या रिकॉलच्या आधी, २०१३ मध्ये, मालकांनी कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला होता. त्याच्या तडजोडीत, ज्यांनी स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केली होती त्यांना भरपाई मिळण्याची वाट मोकळी झाली.

टिपमचे नाव त्याआधीही निघालेले होते. २००७ मध्ये त्या वर्षीच्या जीप रँगलर आणि डॉज नायट्रो मिळून सुमारे ८०,००० गाड्या याच प्रकारच्या पेटीच्या प्रोग्राममधील दोषामुळे इंजिन बंद पडत असल्याने परत बोलावल्या गेल्या होत्या. तो दोष सॉफ्टवेअरचा होता आणि डुरँगोतला दोष धातूच्या टोकांचा, त्यामुळे दोन्ही एकच मानणे बरोबर नाही. पण इंजिन जिच्यावाचून चालू राहू शकत नाही अशी पेटी एकदा अडचणीत आल्यानंतर पुढच्या रचनेत तिच्यातला झिजणारा भाग सुटा ठेवावा, एवढी सावधगिरी अपेक्षित होती.

ऑगस्ट २०१४ मध्ये सेंटर फॉर ऑटो सेफ्टी या ग्राहकहितासाठी झटणाऱ्या संस्थेने अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे, म्हणजे एनएचटीएसएकडे, टिपमची सर्वंकष चौकशी व्हावी असा अर्ज केला. त्यात गाडी बंद पडण्याबरोबरच एअरबॅग न उघडणे, गाडीने आपोआप वेग घेणे, हॉर्न आणि वायपर मनाला येईल तसे चालू होणे आणि आग लागणे अशा तक्रारी होत्या. जुलै २०१५ मध्ये एनएचटीएसएने तो अर्ज फेटाळला. फ्युएल पंपाच्या रिलेचा दोष खरा आहे आणि त्यावर रिकॉल झालेला आहे, परंतु बाकीच्या गंभीर आरोपांना टिपम कारणीभूत असल्याचा आधार सापडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. या निर्णयावर मालकांची नाराजी झाली आणि ती समजण्यासारखी आहे. मात्र मला हा निष्कर्ष मुख्य मुद्द्यापुरता पटतो. एका पेटीची बदनामी झाली की गाडीतला प्रत्येक विजेचा बिघाड तिच्या माथी मारला जातो, आणि त्यात नुकसान मालकाचेच होते. दाराचे कुलूप अडकले, काच उतरली नाही किंवा हॉर्न वाजला नाही, तर दाराच्या बिजागरीपाशी तुटलेली तार, गंजलेले अर्थिंग किंवा अशक्त झालेली बॅटरी ही कारणे आधी तपासायला हवीत. ‘टिपम गेले’ असे पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोठे बिल हातात ठेवणाऱ्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढावी आणि दुसऱ्याचे मत घ्यावे.

येथवरची हकिगत बऱ्याच जणांना माहीत असते. पुढचा भाग जुनी गाडी विकणारे सहसा सांगत नाहीत, आणि अनेकदा त्यांनाही तो ठाऊक नसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये याच २०११ ते २०१३ च्या डुरँगो आणि ग्रँड चेरोकी पुन्हा परत बोलावल्या गेल्या. जगभरात ७ लाखांहून अधिक गाड्या. कारण असे की पहिल्या रिकॉलमध्ये बसवलेल्या नव्या रिलेच्या टोकांवर सिलिकॉनचा थर साचून प्रवाह खंडित होऊ शकत होता. म्हणजे ज्या भागाने दोष दूर व्हायचा त्या भागातच वेगळा दोष निघाला आणि परिणाम मात्र जुनाच: गाडी सुरू न होणे किंवा चालता चालता बंद पडणे. एका सुरक्षेच्या कामासाठी मालकाला दोनदा डीलरच्या दारात उभे करणे ही कंपनीच्या कामावरची मोठी काळी खूण आहे, आणि ती सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण मला दिसत नाही. तरीही याच प्रसंगातून बाहेरच्या रिलेचा फायदाही दिसून येतो. २०१४ पूर्वी रिले गेला की अख्खी पेटी जात होती. २०१९ मध्ये तो सुटा झालेला असल्याने बदलायचा होता तो फक्त रिले.

विजेच्या बाजूने आणखी दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. पहिली अल्टरनेटरची, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राची. ऑक्टोबर २०१४ मध्ये ३.६ लिटर इंजिन आणि १६० अँपिअरचा अल्टरनेटर असलेल्या गाड्यांचा रिकॉल निघाला, त्यात डुरँगो होती, ग्रँड चेरोकी होती आणि कंपनीच्या काही मोठ्या सेडानही होत्या. जगभरात सुमारे ४,७०,००० गाड्या. अल्टरनेटरमधले डायोड निकामी झाले की बॅटरी भरणे थांबते, मग एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा, आणि गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा काम सोडते आणि शेवटी इंजिनही बंद पडू शकते. मालकाच्या दृष्टीने याची लक्षणे टिपमच्या लक्षणांशी सहज मिसळतात. फरक ओळखायची खूण अशी की अल्टरनेटर जाताना सहसा डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागतो आणि दिवे मंद होत जातात, तर रिले जातो तेव्हा बाकी सगळे ठणठणीत असताना फक्त इंजिन थांबते. दुसरी गोष्ट उन्हाच्या झडपेतल्या, म्हणजे सनव्हायजरच्या दिव्याची. २०११ ते २०१४ च्या या गाड्यांत झडपेची दुरुस्ती करून ती परत बसवताना स्क्रू तारेत घुसून शॉर्ट होण्याचा आणि आग लागण्याचा धोका होता; जुलै २०१४ चा तो रिकॉल जगभरातल्या ८,९५,००० गाड्यांचा होता. आधीच्या मालकाने छत किंवा झडप उघडून काही काम करून घेतले असेल, तर हा रिकॉल पुरा झाल्याची खात्री अवश्य करावी.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. गाडी पाहायला जाण्यापूर्वी विकणाऱ्याकडून तिचा १७ अक्षरी व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, मागावा आणि एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकून कोणते रिकॉल बाकी आहेत ते पाहावे. ही सोय विनामूल्य आहे. एक बारकावा लक्षात ठेवावा. तेथे बाकी राहिलेले रिकॉल दिसतात, पण झालेल्या कामाचा तपशील तेथे मिळत नाही. म्हणून २०१४-१५ चे आणि २०१९ नंतरचे अशी दोन्ही कामे केव्हा झाली, हे डीलरकडून व्हिन सांगून विचारून घ्यावे आणि शक्यतो कागदावर घ्यावे. रिकॉलचे काम गाडीसोबत जाते, मालकासोबत नाही, त्यामुळे तुम्ही तिसरे मालक असलात तरी राहिलेले काम डीलरने पैसे न घेता करून द्यायचे असते. विकणारा ‘ते घेतल्यावर करून घ्या’ म्हणाला तर त्याला नम्रपणे सांगावे की काम आधी, पैसे नंतर.

मध्यंतरीच्या काळात कोणी घरगुती बायपास केबल बसवली असेल तर ती काढून अधिकृत जोडणी झाली आहे की नाही, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. दोन्ही जोडण्या एकावर एक असलेल्या गाडीत पुढे बिघाड झाला तर कोणाचाही अंदाज चालत नाही. जुन्या बाजारातून आणलेली, दुसऱ्या गाडीची टिपम बसवलेली डुरँगो मी तरी घेणार नाही, कारण ती पेटी कोणत्या सालातली आहे आणि आतला रिले किती झिजलेला आहे, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

गाडी चालवून पाहताना ती थंड असताना एकदा सुरू करणे पुरेसे नाही. अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर बंद करावे, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. बॉनेटखाली उष्णता साचलेली असताना कमकुवत जोडणी उघडी पडण्याची शक्यता अधिक असते. इंजिन न पेटवता फक्त इग्निशन चालू केले की मागच्या टाकीतून पंपाचा आवाज क्षणभर ऐकू यायला हवा आणि मग थांबायला हवा. प्रवाशाच्या सीटखालची बॅटरी किती जुनी आहे, तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा गंज आहे का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

ज्यांचे बजेट थोडे अधिक ताणता येईल त्यांनी २०१४ किंवा त्यापुढचे मॉडेल पाहावे. त्या वर्षी गाडीची विजेची रचनाच बदलली, फ्युएल पंपाच्या रिलेचे रिकॉल २०१३ पाशी थांबतात, आणि शिवाय आठ गतींचा गिअरबॉक्स मिळतो. अल्टरनेटर आणि सनव्हायजर यांचे रिकॉल मात्र २०१४ पर्यंत लागू आहेत, तेवढे तपासावे लागतेच. भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा: डुरँगो भारतात विकली गेली नाही, आणि ग्रँड चेरोकी कंपनीने तिथे आणली ती २०१६ मध्ये, म्हणजे या रिलेच्या भानगडीनंतर. पुण्याजवळच्या रांजणगाव येथे २०२२ पासून जोडली जाणारी ग्रँड चेरोकी तर पुढच्या पिढीची गाडी आहे. वर लिहिलेले त्या गाडीला लागू करू नये.

२०११ ते २०१३ च्या डुरँगोविषयी माझा कौल असा आहे. दोन्ही वेळचे रिलेचे काम कागदोपत्री सिद्ध होत असेल, अल्टरनेटरचा रिकॉल लागू असल्यास तो पुरा झालेला असेल आणि टिपम मूळचीच असेल, तर ही गाडी दिलेल्या पैशांच्या मानाने पुष्कळ काही देते आणि मी ती जवळच्या माणसालाही सुचवेन. यातला एकही कागद नसेल आणि विकणारा त्याबद्दल किमतीत सूट देऊ करत असेल, तर ती सूट घेऊ नये. राहिलेली दुरुस्ती विनामूल्य होण्यासारखी असूनही ज्याने इतक्या वर्षांत गाडी डीलरकडे नेली नाही, त्याने तिचे तेल तरी वेळेवर बदलले असेल का, हा प्रश्न त्या सवलतीपेक्षा महाग पडू शकतो.